हॅडलीने नेलेलं भांडं

रॅन्स हॅडली गुरुवारी वर्डेल टॉलिव्हरच्या घरी जेवायला येणार ही बातमी टिब्बीत सोमवारी फुटली आणि मंगळवारपर्यंत गावाने लाज सोडली. वर्डेल मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर असायची. एरवी ब्रेकचं तेल नाहीतर बॅटरी मागायला येणारी माणसं त्या आठवड्यात काहीच न मागता नुसती येऊन उभी राहायला लागली. कुणाला टोपीवर सही हवी होती, कुणाला फोटो. "जेवणाआधीच्या प्रार्थनेला कुणी लागलं तर मी मोकळाच आहे," असा पाद्रीबाबांचा निरोप आला. एरवी हे गृहस्थ सख्ख्या भावाकडेही चारदा बोलावल्याशिवाय जात नसत.

हॅडली म्हणजे ब्रॅक्सटन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा कोच. टीव्हीवर ट्रक विकणारा तोच, तळलेली कोंबडी विकणारा तोच, आणि मैदानाच्या दाराशी जिवंतपणी ज्याचा पुतळा उभा राहिला तोही तोच. गव्हर्नरचं नाव विचारलं तर टिब्बीतली निम्मी माणसं डोकं खाजवतील, पण हॅडलीच्या कुत्र्याचं नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक. दर हिवाळ्यात हा माणूस राज्यभर हिंडतो, शाळांमधल्या चांगल्या खेळाडूंच्या घरी जातो, त्यांच्या आयांच्या हातचं जेवतो, आणि तो हात धुऊन उठेपर्यंत पोरगं त्याचं झालेलं असतं.

यंदा पोरगं होतं वर्डेलचं, टायरिक. आमच्याकडचा फुटबॉल चेंडू हातात धरून खेळतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवा पाडायचं हे त्याचं मैदानावरचं काम, आणि ते तो असं करायचा की पडलेल्या पोराची आई प्रेक्षकांत उभी राहून देवाचा धावा करायची. घरात मात्र तो दारं हळू लावायचा आणि भांडी न सांगता विसळायचा.

हॅडलीच्या आधी त्याच्या मागे तल्लाबेना स्टेटचे कोच ऑरिस पिकेट लागले होते, तेही टायरिकला मिशी फुटायच्या आधीपासून. तल्लाबेना म्हणजे लहान कॉलेज. तिथला खेळ टीव्हीवर दिसत नाही. पिकेट जुन्या गाडीतून यायचे आणि परीक्षा, वसतिगृह, घोट्याला बर्फ किती वेळ लावायचा यावर इतकं बोलायचे की वर्डेलच्या नवऱ्याला, लिंडेलला, बसल्या जागी जांभया यायच्या. एकदा वर्डेलने त्यांना मक्याचा पाव बांधून दिला होता. पुढच्या महिन्यात त्यांच्या बायकोने तेच भांडं अंजिराचा मुरांबा घालून परत पाठवलं. मुरांबा असा पातळ की पावावर ठरेना. "बाईला साखरेचा अंदाज नाही," वर्डेल म्हणाली खरी, पण भांडं रिकामं आलं नव्हतं हे तिने मनात धरलं.

कारण भांड्याच्या बाबतीत आमच्याकडे कुणी गंमत करत नाही. प्रत्येक बाईच्या भांड्याच्या तळाला चिकटपट्टी असते आणि पट्टीवर तिचं नाव. मयत असो, लग्न असो, चर्चचं जेवण असो, भांडी गावभर फिरतात आणि फिरून घरी येतात. येताना आत काहीतरी असतंच, निदान चार संत्री तरी. अर्लीन पूने मागे एकीचं भांडं दोन उन्हाळे घरात ठेवून घेतलं, तर चर्चमध्ये तिच्या बाकावर बसायला कुणी तयार होईना.

गुरुवारी हॅडलीचं हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानावर उतरलं. बँड वाजला. लिंडेलने स्वतःच्या अंगणातलं गवत कापून झाल्यावर शेजाऱ्याचंही कापलं होतं, कारण फोटोत ते दिसलं असतं. वर्डेल यावर खूप हसली होती, पण नवे पडदे तिनेही आणले होते.

हॅडली आत आला तो सोफ्यावर बसलाच नाही. थेट स्वयंपाकघरात गेला, बाह्या सारल्या आणि पातेल्यावरचं झाकण उचलून वास घेतला.

"मिस वर्डेल, हा पाला डुकराच्या हाडासकट शिजलाय ना? खोटं बोलू नका, मला कळतं."

"मग काय तर! हाडाशिवाय पाला म्हणजे गवत," वर्डेल म्हणाली, आणि पाघळली. खोटं कशाला सांगा, चांगलीच पाघळली. सहा फूट उंच, पांढऱ्या भुवयांचा, टीव्हीवरचा माणूस तिच्या ओट्याला टेकून उभा होता आणि मिठाचा डबा कुठाय विचारत होता. अशा वेळी भल्याभल्यांचं पाणी होतं.

जेवण झालं. शेवटी तिने केळ्याचं पुडिंग आणलं, क्लिओथा मावशीच्या भांड्यात. पांढरं काचेचं भांडं, कडेला निळी वेल. आई गेल्यावर वर्डेलला या मावशीनेच वाढवलं आणि लग्नात हे भांडं हातात देऊन सांगितलं, "नवरा हरवला तरी चालेल, हे हरवू नकोस." लिंडेल हे वाक्य लग्नाच्या दिवसापासून ऐकत आला होता.

हॅडलीने दोनदा वाढून घेतलं. मग चमचा खाली ठेवला आणि डोळे पुसले.

"माफ करा. माझी आई गेल्यापासून असं कुणी केलं नव्हतं." त्याने भांडं स्वतःकडे ओढलं. "मिस वर्डेल, उरलेलं मी नेऊ का? या भांड्यासकट? टायरिकची आमच्या कागदावर सही झाली की मी स्वतः, या दोन हातांनी, हे भरून परत आणीन. नाहीतर माझी आई कबरीतून उठेल आणि माझे कान उपटेल."

मग त्याने डोक्यावरची हिरवी टोपी काढून टायरिकच्या डोक्यावर ठेवली. "चार वर्षं तू माझा मुलगा. पूर्ण शिष्यवृत्ती, पहिल्या दिवसापासून संघात. माझा शब्द."

टायरिकने तिथेच हो म्हटलं. लिंडेल रडला. वर्डेलने भांडं स्वच्छ फडक्यात बांधून दिलं, कारण तिच्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती. जो माणूस तुमचं भांडं नेतो तो परत येतो. भांडं नेणं म्हणजे नातं लावणं. दुसऱ्या दिवशी तिने पिकेटना फोन करून नाही कळवलं. ते म्हणाले, "बरं. त्याला म्हणावं, गणिताची शिकवणी सोडू नकोस." हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी असं तेव्हा कुणी वर्डेलला म्हटलं असतं, तर तिने त्याला दुकानातला जॅक फेकून मारला असता.

जानेवारीत ब्रॅक्सटनने तिघांना शनिवार-रविवार बोलावून घेतलं. खेळाडूंचे कपडे बदलायचं दालन असं होतं की टिब्बीतल्या लोकांनी तिथे लग्न लावलं असतं. टायरिकला हिरवा पोशाख चढवून, मागे यंत्राने धूर सोडून त्याचे फोटो काढले. लिंडेलने पुतळ्यासमोर टोपी काढली.

"अरे, तो जिवंत आहे," वर्डेल म्हणाली. "मेलेल्यासमोर काढतात टोपी."

"तुला नाही कळायचं," लिंडेल म्हणाला.

तेवढ्यात हॅडली स्वतः गर्दीतून आला आणि त्याने तिला मिठीच मारली. "मिस वर्डेल! तुमचा तो पीचचा कॉब्लर अजून माझ्या स्वप्नात येतो!"

कॉब्लर म्हणजे फळांवर पीठ थापून भाजलेलं गोड, आणि वर्डेलने जन्मात कधी पीचचा कॉब्लर केला नव्हता. पीच खाल्लं की तिचे ओठ सुजतात. पण शंभर घरी जेवणाऱ्या माणसाच्या डोक्यात केळी आणि पीच यांची सरमिसळ व्हायचीच, असं तिने स्वतःला समजावलं आणि हसून वेळ मारून नेली.

दुपारी लिंडेलचं डोकं दुखायला लागलं, बहुतेक आनंदाने. गोळीसाठी पाणी हवं म्हणून ती कोचच्या कचेरीमागच्या छोट्या स्वयंपाकघरात गेली. तिथे मॅलरी नावाची एक तरुण मुलगी पाहुण्यांसाठी बशा लावत होती. तिने पेला काढायला भिंतीतलं मोठं कपाट उघडलं, आणि वर्डेल पाणी विसरली.

कपाट भांड्यांनी भरलं होतं. काचेची, बिडाची, झाकणांची, फुलांची, एकात एक, खालपासून वरपर्यंत. हॉटेलातली नव्हेत, घरातली. तिने सगळ्यात जवळचं उचलून उलटं केलं. तळाला पिवळी पडलेली चिकटपट्टी होती: *अर्नेस्टीन गॅडिस, माउंट नेबो.*

अर्नेस्टीनला वर्डेल ओळखत होती. चर्चच्या जिल्हा मेळाव्याला दोघी एकाच टेबलावर वाढायच्या. तिचा मुलगा लव्हेल दोन वर्षांपूर्वी हॅडलीचा व्हायचा होता. सही करायच्या आदल्या संध्याकाळी ब्रॅक्सटनमधून फोन आला, जागा भरली म्हणून. तोवर इतर कॉलेजांच्या जागाही भरल्या होत्या. एवढा मोठा गडी आता कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. अर्नेस्टीनने मेळाव्यात लेकाचं नाव काढणंच सोडलं होतं, आणि बायकांनीही कधी विचारलं नाही.

"हवं ते घ्या ना मॅडम," मॅलरी म्हणाली. "ही सगळ्यांचीच आहेत. दर हिवाळ्यात नवी येतातच."

"आतलं कोण खातं गं?"

"हेलिकॉप्टरवाले. कोचना डॉक्टरांनी गोड बंद केलंय. घरोघरी खावं लागतं तेवढंच खातात, बिचारे."

मग वर्डेलला खालच्या फळीवर निळी वेल दिसली. क्लिओथा मावशीच्या भांड्यात टोमॅटो सॉसच्या पुड्या ठेवलेल्या होत्या, बाहेरून जेवण मागवलं की फुकट येतात त्या. पट्टीवरचं तिचं नाव अजून जसंच्या तसं होतं. तिला रडू आलं नाही. कानशिलं तेवढी तापली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे तिने आयुष्यात पुष्कळ पाहिले होते, पण खाल्ल्या घरची भांडी गोळा करणारा हा पहिलाच.

"हे मी नेते," ती म्हणाली, आणि पुड्यांसकट ते मोठ्या पर्समध्ये घातलं.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत तिने ते पलंगावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. लिंडेल आधी भांड्याकडे आणि मग दाराकडे बघायला लागला, जसं काही कुणी ऐकत असावं.

"म्हणजे तू रॅन्स हॅडलीच्या कचेरीत चोरी केलीस?"

"चोरी? तळ वाच तळ! कुणाचं नाव आहे?"

"अगं, त्याच्या हाताखाली शंभर माणसं आहेत. कुणीतरी ठेवलं असेल कुठेतरी. तो काय कपाटं लावत बसतो?"

"सांभाळायला वेळ नाही तर न्यायचं नाही. मी काय त्याच्या खिशात कोंबलं होतं?"

टायरिक इतका वेळ खिडकीशी उभा होता. हिरवी टोपी त्याच्या हातात होती. "मम्मा, एका भांड्यासाठी माझं आयुष्य घालवणार आहेस तू?" त्याचा आवाज चढला, आणि तो कधी चढत नसे. "तू सही केली नाहीस तर माझी सही चालत नाही, मला माहितीये. पण त्याला ठाऊकच नसेल तर? विचार ना उद्या! तोंडावर विचार!"

वर्डेलला त्याचं म्हणणं लागलं, कारण त्यात खोट नव्हती. पोरगं टीव्हीसमोर रांगत असल्यापासून याच मैदानाची स्वप्नं बघत होतं. ती पलंगावर बसली.

"विचारते," ती म्हणाली. "आणि ऐक. 'मिस वर्डेल, मला माहीत नव्हतं, चुकलं,' एवढंच जरी तो म्हणाला, तर मी कागदावर सही करीन, आणि पुन्हा या भांड्याचं नाव काढणार नाही. मावशीची आण."

"चुकलं म्हणेल तो," टायरिक म्हणाला. "बघशील तू."

रविवारी सकाळी प्रत्येक कुटुंबाला हॅडलीच्या खोलीत बोलावत होते. बाहेरच्या दिवाणखान्यात बाकीची कुटुंबं पाळीची वाट बघत बसली होती, सगळी चर्चला जायच्या कपड्यांत. टॉलिव्हर तिघे आत गेले. टेबल असं लांबरुंद होतं की त्यावर टायरिक आडवा मावला असता. काचेखाली जिंकलेल्या अंगठ्या मांडल्या होत्या. हॅडलीने तिघांचे हात हातात घेतले, टायरिक किती लवकर मोठा खेळाडू होईल ते सांगितलं, लिंडेलला "भाऊ" म्हणाला. लिंडेलची छाती वर आली.

"कोच," वर्डेल सावकाश म्हणाली, "एक विचारायचं होतं. माझं भांडं कुठाय?"

टायरिक खुर्चीत पुढे सरकला. त्याचे डोळे हॅडलीच्या तोंडावर होते. वर्डेलला दिसत होतं की पोरगं मनातल्या मनात त्या माणसाला शब्द पुरवत होतं. म्हण, चुकलं म्हण.

हॅडलीची पापणीही लवली नाही. "तुमचं भांडं? मिस वर्डेल, ते माझ्या घरी आहे. आईच्या फोटोशेजारी ठेवलंय. माझी बायको कुणाला हात लावू देत नाही त्याला."

"नक्की?"

"आईची शपथ."

वर्डेलने पर्स उघडली आणि क्लिओथा मावशीचं भांडं अंगठ्यांवरच्या काचेवर ठेवलं, सॉसच्या पुड्यांसकट. एक पुडी घरंगळून हॅडलीच्या हाताशी गेली.

त्याचं हसू लगेच गेलं नाही. सकाळ झाल्यावर ओट्यावरचा दिवा जळत राहावा तसं ते उगीच चेहऱ्यावर राहिलं. मग तो मागे रेलला. "अहो, एवढंसं भांडं. मी तुम्हाला नवी डझनभर पाठवतो."

"कोच," लिंडेल म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "तुम्ही आईची शपथ घेतलीत."

त्या खोलीत सगळ्यात जास्त कुणाचं काही मोडलं असेल तर लिंडेलचं. वर्डेलने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आदल्या दिवशी ती त्याच्यावर हसली होती, त्याचं तिला आता वाईट वाटलं.

हॅडलीने आईबापांचा नाद सोडला आणि टायरिककडे वळला. आता त्याच्या आवाजात स्वयंपाकघरातला गोडवा नव्हता. "पोरा, तुझं तू बोल. मोठा झालास तू. या खुर्चीसाठी बाहेर रांग आहे. उठलास तर बसायला दुसरा आहे माझ्याकडे."

टायरिक उठला. उभा राहिला की खोली लहान वाटायची.

"मग बोलवा दुसऱ्याला, सर. त्याच्या आईचं भांडं कपाटात असेलच." मग तो वर्डेलकडे वळला. "मम्मा, ते कपाट कुठाय?"

"मी दाखवते," ती म्हणाली. मावशीचं भांडं तिने पुड्यांसकट पर्समध्ये परत घातलं. एक पुडी हॅडलीच्या हाताशी राहिली होती, तीही वाकून उचलली.

मागच्या स्वयंपाकघरात मॅलरी होती. तिघे कपाट रिकामं करायला लागले तसं तिने आधी तोंडावर हात धरला, मग कागदी खोकी आणली, मधे घालायला वर्तमानपत्रं आणली, आणि दार धरून उभी राहिली. टायरिकने एकावर एक तीन खोकी उचलली. लिंडेलच्या हातात बिडाची दोन होती. वर्डेल पुढे. दिवाणखान्यातून ही वरात निघाली तशी कोपऱ्यातली, लाल टोपी घातलेली एक बाई अर्धवट उठली.

"अहो, हे काय चाललंय?"

"तुमच्याकडून काही नेलंय का त्याने?" वर्डेलने विचारलं.

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. "जांभळ्या झाकणाचं. गेल्याच महिन्यात. पण ते तर तो स्वतः... "

"नाव सांगा."

"ऑडेसा क्रम्प."

टायरिकने खोकी खाली ठेवली, शोधलं आणि जांभळ्या झाकणाचं भांडं तिच्या हातात दिलं. बाईने ते उलटं केलं, आपलं नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं. "आता आमची पाळी आहे," ती हळूच म्हणाली.

"मग जा आत," वर्डेल म्हणाली. "हे मांडीवर घेऊन बसा."

गाडीत बसल्यावर टायरिकनेच पिकेटना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. "सर, टायरिक टॉलिव्हर. माझी जागा आहे का अजून?"

मग पिकेट म्हणाले, "पूर्ण नाही रे. तू नाही म्हणालास तेव्हा मी ती हॅटीव्हिलच्या एका पोराला दिली. त्याला शब्द दिलाय. तो मोडून तुला घेणार नाही. निम्मी शिष्यवृत्ती आहे, उरलेली पुढच्या वर्षी कमवावी लागेल. राग आला तर येऊ दे."

टायरिकने डोळे मिटले. चार वर्षांचं सगळं हातात आलेलं सोडून तो निम्म्या शिष्यवृत्तीवर आला होता, आणि तीही मागून घ्यायची वेळ आली होती. आपण पोराचं वाटोळं तर केलं नाही ना, असं वर्डेलला पहिल्यांदा वाटलं.

"राग नाही, सर," टायरिक म्हणाला. "त्या पोराची काढून दिली असतीत तर मी घेतली नसती. येतो मी."

फोन बंद झाला. लिंडेलने गाडी सुरू केली आणि पुतळ्याकडे न बघता फाटकाबाहेर काढली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, "उरलेल्या निम्म्यासाठी मी शनिवारची जादा पाळी धरीन गिरणीत. तसंही शनिवारच्या सामन्यांत टीव्हीवर बघायला आता काही राहिलं नाही."

तो आठवडा वर्डेलच्या घरातली भट्टी विझली नाही. मक्याचा पाव, रव्याचे केक, बटाटे, जे सुचेल ते. एकही भांडं रिकामं परत जाता कामा नये. दुकानातून आली की ती आणि टायरिक खोकी घेऊन निघायचे, जवळच्या गावांत स्वतः, लांबच्यांना चर्चच्या माणसांबरोबर. अर्नेस्टीन गॅडिसने दारातच आपलं भांडं घेतलं, उलटं केलं, पट्टीवरून अंगठा फिरवला. मागून लव्हेल आला, दाराएवढा.

"तुमच्याकडेही आईसाठी रडला का तो?" त्याने टायरिकला विचारलं.

"चमचा खाली ठेवून."

"आमच्याकडेही चमचा खाली ठेवूनच," लव्हेल म्हणाला, आणि दोघे खो खो हसले. अर्नेस्टीनने दोन वर्षांत लेकाला असं हसताना पाहिलं नव्हतं. ती वळून आत गेली आणि डोळे पुसून बाहेर आली. "सही कधी आहे रे तुझी?" तिने विचारलं. "मी येणार."

सहीच्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेत टेबल मांडलं होतं. आमच्याकडे पोरगं टेबलाशी बसतं, पुढे कॉलेजांच्या टोप्या ठेवलेल्या असतात, आणि ज्या कॉलेजची टोपी तो घालेल तिथला तो होतो. शहरातून टीव्हीवाले आले होते, कारण ब्रॅक्सटनमध्ये काहीतरी बिनसल्याचा वास त्यांना लागला होता. टेबलावर दोनच टोप्या होत्या, तल्लाबेनाची निळी आणि हॅडलीची हिरवी. हिरवी उलटी ठेवली होती. आणि पहिल्या रांगेत बायका बसल्या होत्या, नटून, मांडीवर झाकलेली भांडी घेऊन. अर्नेस्टीन होती, लाल टोपीवाली ऑडेसाही तीन तास गाडी चालवून आली होती.

टायरिकने टोप्यांवरून उगीच हात फिरवत खेळ केला नाही. निळी टोपी घातली, सही केली, कागद आईकडे सरकवला. तिने पेन इतकं दाबून सही केली की खालच्या कागदावर ठसा उठला. लिंडेलने जोरात शीळ घातली आणि सगळे उभे राहिले.

टीव्हीवाला मुलगा माईक घेऊन पुढे घुसला. "मिसेस टॉलिव्हर, या सगळ्या बायका कोण?"

"हॅडलींना विचारा. सगळ्यांच्या घरी जेवलेत ते."

"आणि ही हिरवी टोपी? ती उलटी का?"

वर्डेलने टोपी दोन्ही हातांनी उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. आत काठोकाठ टोमॅटो सॉसच्या पुड्या होत्या.

"ही कोचची वस्तू आहे. आमच्याकडे राहिली होती, उद्या टपालाने परत पाठवतेय," ती म्हणाली. "आणि आमच्यात रिकामं परत करत नाहीत."